हवामानातील बदल आणि ग्रामीण लोकमत

नाशिक रोड रेल्वे स्थानकापासून काही किलोमीटर अंतरावर एकलहरे येथील औष्णिक वीज केंद्राची धुराडी आहेत. आसपासच्या शिवारांतून ती दुरूनही दिसतात. द्राक्षबागेत छाटणी करणारा शेतकरी मान वर करतो तेव्हा त्याला ही धुराडी आणि त्यांवरचे आभाळ एकाच नजरेत दिसते. त्या आभाळाचा पूर्वीचा भरवसा राहिलेला नाही, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. परंतु कोळशाच्या धुराचा आणि बिघडलेल्या पावसाचा काही संबंध असेल, ही गोष्ट मात्र त्याच्या बोलण्यात क्वचितच येते. शेतकऱ्याचा अनुभव आणि त्या अनुभवामागील कारण यांत पडलेले हे अंतर कसे भरून काढावे, याचा विचार गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने करणे अगत्याचे आहे.

अनुभव आहे, उलगडा नाही

हवामानातील बदलाविषयी भारतातील लोकांना काय वाटते, याची पाहणी अमेरिकेतील येल विद्यापीठ व भारतातील सी-व्होटर या संस्थेने ऑक्टोबर २०२१ ते जानेवारी २०२२ या काळात केली. तीत ४,६१९ प्रौढ व्यक्तींना प्रश्न विचारण्यात आले. पृथ्वीचे तापमान वाढत असल्याविषयी आपणांस फारच थोडे ठाऊक आहे, किंवा हे आपण कधी ऐकलेच नाही, असे शेकडा ५४ लोकांनी सांगितले. परंतु हा विषय दोन वाक्यांत समजावून दिल्यावर असा बदल खरोखर होत आहे, असे म्हणणारे शेकडा ८४ निघाले आणि त्याचे परिणाम आपण स्वतः भोगले आहेत, असे शेकडा ७४ लोकांनी सांगितले. हा बदल मुख्यतः मनुष्याच्या कृतीमुळे होतो, असे मानणारे शेकडा ५७ होते. तो निसर्गतः होणारा फेरबदल आहे, असे मानणारे शेकडा ३१ होते.

या आकड्यांतून कार्यकर्त्याने एक गोष्ट ध्यानी घ्यावी. लोकांचा या गोष्टीवर विश्वास नाही, अशी स्थिती नाही. विषयाचे नाव ठाऊक नाही, पण विषय अंगावर झेललेला आहे, अशी खरी स्थिती आहे. म्हणून शेतकऱ्याला बदल पटवून देण्यात वेळ घालविण्याचे कारण नाही. बदलाचे कारण समजू शकते आणि जे समजते त्यावर काही इलाज करता येतो, एवढे त्याच्या पदरात घातले म्हणजे विस्तारकार्याचा मोठा भाग पार पडला.

नाशिक जिल्ह्याने काय पाहिले

फेब्रुवारी २०१४ च्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राच्या मोठ्या भागात गारपीट झाली. काढणीला आलेली द्राक्षे, ओंबीवर आलेला गहू व शेतातील कांदा यांची नासाडी झाली. त्याच वर्षी डिसेंबरात जिल्ह्यात पुन्हा गारा पडल्या. २०१९ च्या ऑक्टोबर अखेरीस व नोव्हेंबरच्या आरंभी अरबी समुद्रात ‘क्यार’ व ‘महा’ ही चक्रीवादळे एकापाठोपाठ आली आणि ऐन दिवाळीत पाऊस कोसळला. लवकर छाटलेल्या बागा त्या वेळी नाजूक अवस्थेत होत्या. त्यांत केवडा रोग व घडांची कूज माजली. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी निफाड तालुक्यातील बागांवर गारा पडल्या. २०२५ मध्ये तर मे महिन्यातच पाऊस सुरू झाला. मुंबईत मोसमी पाऊस २६ मे रोजी दाखल झाला; तेथील नोंदींत इतक्या लवकर तो पूर्वी कधी आला नव्हता. या पावसाने नाशिक भागात उघड्यावर असलेला उन्हाळी कांदा भिजला.

द्राक्षाचे नुकसान मात्र त्या वेळी डोळ्यांना दिसले नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फुटलेल्या काडीच्या डोळ्यांत पुढील हंगामाचे घड तयार होण्याची क्रिया सुरू होते. या क्रियेला स्वच्छ ऊन लागते. आभाळ सतत भरलेले राहिले आणि मुळांशी पाणी साचले तर डोळ्यात घडाऐवजी नुसती वेल धरली जाते. तसे झालेल्या अनेक बागांत ऑक्टोबर छाटणीनंतर घड कमी निघाले. मे महिन्यात बिघडलेल्या हवामानाची झळ शेतकऱ्याला अशी पाच महिन्यांनी कळली.

नक्षत्रांच्या हिशेबाने शेती करणाऱ्या जाणत्या शेतकऱ्याशी बोलताना हीच गोष्ट त्याच्या भाषेत सांगता येते. सूर्य स्वाती नक्षत्रात प्रवेश करतो तो ऑक्टोबरच्या चोविसाव्या तारखेच्या सुमारास. २०१९ मध्येही तो तसाच केला. नक्षत्र आपल्या वेळेवर आले. बदलला तो नक्षत्राचा पाऊस. वाडवडिलांचा ठोकताळा खोटा नव्हता. तो ज्या हवामानावर बेतलेला होता, ते हवामान सरकले आहे. भारतीय हवामान खात्यानेही २०२० मध्ये मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा नव्याने ठरविल्या. मुंबईतून पाऊस परतण्याची जुनी तारीख २९ सप्टेंबर होती, ती आता ८ ऑक्टोबर धरतात. बागाईतदाराच्या दृष्टीने हे नऊ दिवस थोडे नाहीत. छाटणीचा हंगाम त्याच सुमारास सुरू होतो.

कारण कोणते?

थंडीच्या रात्री गोधडी पांघरली असता अंगातील ऊब बाहेर जात नाही. गोधडी स्वतः उष्णता निर्माण करीत नाही, ती केवळ ऊब धरून ठेवते. पृथ्वीभोवतीच्या हवेतील कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, हेच काम करतो. जमिनीवरून परत जाणारी सूर्याची उष्णता तो काही अंशी अडवितो. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते; आज ते ४२० च्या वर गेले आहेत. दगडी कोळसा, डिझेल व पेट्रोल यांचे ज्वलन आणि जंगलतोड ही या वाढीची मुख्य कारणे होत. गोधडी जाड झाली आणि १८५०–१९०० या काळाच्या मानाने २०११–२०२० या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे १.१ अंश सेल्सिअसने वाढले.

एक अंश वाढीने काय बिघडते, असे कोणी विचारील. हवा एका अंशाने तापली की ती शेकडा सुमारे ७ इतकी अधिक वाफ धरू शकते. अशी हवा पुष्कळ दिवस कोरडी राहते आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी इतर सहकाऱ्यांसह २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढले. पावसाची वार्षिक बेरीज फारशी न बदलताही खंड आणि अतिवृष्टी यांमुळे पीक जाते ते अशा रीतीने.

गावात निघणारे प्रश्न

पारावर किंवा ग्रामसभेत हा विषय काढला म्हणजे काही प्रश्न हटकून निघतात. ते टाळू नयेत.

*‘गारा पूर्वीही पडत होत्याच ना?’* होय, पडत होत्या. समुद्राकडून आलेली दमट, उबदार हवा आणि उत्तरेकडून आलेली वरच्या थरातील थंड हवा एकत्र आली की उंच ढग बनतात. त्यांतील जोरकस ऊर्ध्व प्रवाह थेंबांना वर नेतो, तेथे ते गोठतात आणि थरावर थर चढून गार तयार होते. ही क्रिया नवी नाही. अतिवृष्टी व उष्णता यांच्या वाढीविषयी शास्त्रज्ञ जितक्या खात्रीने बोलतात, तितक्या खात्रीने ते गारांविषयी बोलत नाहीत. यास्तव कोणत्याही एका गारपिटीकडे बोट दाखवून ‘हाच तो हवामानातील बदल’ असे सांगू नये. एका दिवसाची हवा निराळी आणि तीस वर्षांचे हवामान निराळे. एखादा बैल एके दिवशी अडला म्हणून तो अडेल ठरत नाही; वर्षभर अडू लागला म्हणजे ठरतो.

*‘निफाडला थंडीचा कडाका पडतो, मग पृथ्वी तापते कशी?’* उत्तरेकडून कोरडे, थंड वारे आले की नाशिक–निफाड भागात पारा एकदम उतरतो व द्राक्षमण्यांना तडे जाण्याची भीती निर्माण होते. असे वारे पुढेही येतील. तापमानवाढ ही सर्व पृथ्वीची आणि सर्व वर्षाची सरासरी आहे. त्या सरासरीत थंडीच्या काही रात्रीही येतात.

*‘पवनचक्क्यांनी ढग पळविले, असे म्हणतात ते खरे काय?’* सातारा, सांगली, धुळे या जिल्ह्यांत दुष्काळाच्या वर्षांत ही समजूत पसरली होती. पवनचक्कीचे पाते जमिनीपासून शे-दीडशे मीटरपर्यंत फिरते. पावसाचे ढग शेकडो किलोमीटर विस्तारलेल्या वाऱ्यांबरोबर येतात आणि कित्येक किलोमीटर उंच चढतात. त्यांना पळविण्याचे बळ पवनचक्कीत नाही. असे सांगताना विचारणाऱ्याची चेष्टा मात्र करू नये. पाऊस का गेला, याचे कारण शोधण्याचा तो प्रयत्न असतो. खरे कारण मिळाले नाही तर मनुष्य हाती लागेल ते कारण धरतो.

*‘धूर शहरांनी आणि परदेशांनी केला, भोगायचे आम्ही काय म्हणून?’* हा आक्षेप न्याय्य आहे आणि तो तसा कबूल केला पाहिजे. अमेरिकेत दरडोई वर्षाला सुमारे १४ टन कर्बवायू हवेत सोडला जातो, भारतात सुमारे २ टन. कोरडवाहू अल्पभूधारकाचा वाटा तर याहूनही कमी. मोठ्या वाटेकऱ्यांनी मोठा भार उचलावा, हे भारत आंतरराष्ट्रीय परिषदांतून मांडत आला आहे. २०७० पर्यंत स्वतःचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे त्याने २०२१ मध्ये जाहीर केले आहे. तथापि दोष दुसऱ्याचा आहे म्हणून आपल्या बांधावरचे पाणी थांबत नाही. शेजाऱ्याच्या गोठ्याला लागलेली आग आपल्या गंजीपर्यंत आली, तर आग कोणी लावली याचा निवाडा मागाहून होतो. गंजी आधी वाचवावी लागते.

*‘हे सारे दैवाचे आहे, एका गावाने काय होणार?’* एका गावाने पृथ्वीचे तापमान उतरणार नाही, हे खरे. परंतु गावाचे नुकसान कमी होते. याचे उदाहरण जिल्ह्यातच आहे. दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाच्या कालव्याचे पाणी शेवटच्या टोकाला ओझरपर्यंत नीट पोचत नसे. १९९० नंतरच्या काळात बापूसाहेब उपाध्ये व भरत कावळे यांच्या पुढाकाराने तेथील शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था उभारल्या. पाणी मोजून घेणे, पट्टी वेळेवर भरणे व वाटपाची पाळी ठरविणे ही कामे त्यांनी स्वतःकडे घेतली. पुढे साऱ्या प्रकल्पावर अशा संस्था झाल्या आणि टोकाच्या शेतांना पाणी मिळू लागले. पाऊस त्यांच्या हाती नव्हता. पडलेल्या पावसाचा हिशेब त्यांनी हाती घेतला.

चुकीच्या समजुतीची किंमत

लोकांचे मत हा केवळ चर्चेचा विषय नाही, त्यावर पैशाचे व्यवहार अवलंबून असतात. ‘यंदाचे वर्षच वाईट, पुढचे बरे येईल’ असे मानणारा शेतकरी तीच छाटणी, तीच तारीख व तेच पीक पुन्हा धरतो आणि दोन वाईट वर्षांत कर्जात बुडतो. ‘नशिबात असेल ते होईल’ असे मानणारा विम्याचा हप्ता भरण्याची मुदत जाऊ देतो. ‘औषध जास्त मारले म्हणजे झाले’ असे मानणारा पावसाळी हवेत फवारण्यांवर फवारण्या करतो. खर्च वाढतो आणि मालात औषधाचा अंश राहून निर्यात अडते. उलट, हवामान सरकले आहे हे ज्याने मनाशी पक्के धरले, तो साऱ्या बागेची छाटणी एकाच आठवड्यात करीत नाही.

लाभाची आणि हिताची कामे

ज्या कामाचा लाभ पहिल्याच हंगामात दिसतो, ते काम आधी सांगावे. हवेतील कर्बवायू कमी होण्यास त्याने हातभार लागत असेल तर तो दुहेरी लाभ समजावा.

*पाणी व वीज.* पाच अश्वशक्तीची मोटार सहा तास चालली तर सुमारे २२ युनिट वीज लागते. औष्णिक केंद्रात एका युनिटला साधारण ७०० ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे त्या सहा तासांमागे सुमारे १५ किलो आणि अशा १०० दिवसांत दीड टन कोळसा जळतो. ठिबक संचामुळे मोटारीचे तास एक तृतीयांशाने घटले, तर एका विहिरीमागे वर्षाला अर्धा टन कोळसा वाचतो. हा हिशेब एकलहरेच्या धुराड्यांकडे पाहत सांगितला तर तो कोणालाही समजेल. सौर पंपासाठी राज्यात २०२४ मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना सुरू झाली. तीत सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या शेकडा १० आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने शेकडा ५ हिस्सा भरावयाचा असतो. दिवसा पाणी देता आले म्हणजे रात्री शेतात जागण्याचा व सर्पदंशाचा धोकाही टळतो.

*खत.* पिकाला न लागलेले नत्र पाण्याबरोबर वाहून जाते किंवा जमिनीतून नायट्रस ऑक्साइड वायूच्या रूपाने हवेत जाते. वजनास वजन धरल्यास हा वायू कर्बवायूच्या सुमारे २७३ पट उष्णता अडवितो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे २१ किलो नत्र असते. माती तपासून, हप्त्याहप्त्याने आणि ओल पाहून खत दिल्यास गोणी वाचते. मोठ्या पावसाचा इशारा असताना युरिया फेकणे म्हणजे पैसे ओढ्यात टाकणे होय.

*पालापाचोळा.* उसाचे पाचट व द्राक्षछाटणीच्या काड्या जाळू नयेत. पाचट सरीत पसरावे. काड्यांचे तुकडे करून ते शेणकाल्यासह कुजवावेत. जमिनीतील सेंद्रिय कर्ब वाढला म्हणजे ती खंडाच्या काळात ओल धरते आणि मोठ्या पावसात पाणी लवकर मुरविते. घरी जनावरे असल्यास गोबर गॅस संयंत्राने जळण व खत दोन्ही मिळतात.

*पेरणी व निचरा.* ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल झाल्यावाचून खरिपाची पेरणी करू नये. सोयाबीनसाठी रुंद वरंबा व सरी पद्धत घ्यावी. सरीतून जादा पाणी निघून जाते व खंडात वरंब्यात ओल टिकते. कांद्याचे रोप गादी वाफ्यावर टाकावे आणि माल हवेशीर चाळीत साठवावा.

*द्राक्षबाग.* बागेचे भाग पाडून छाटणी पुढेमागे करावी, म्हणजे एका पावसात सारी बाग एकाच नाजूक अवस्थेत सापडत नाही. खरड छाटणीनंतर फुटींची विरळणी वेळेवर करून डोळ्यांना ऊन मिळू द्यावे. प्लॅस्टिक आच्छादनाने पावसापासून संरक्षण मिळते, परंतु त्याचा भांडवली खर्च मोठा आहे. सबब कर्ज काढून साऱ्या बागेवर एकदम आच्छादन घालण्यापूर्वी शेजारच्या गावातील आच्छादित बाग पाहून यावी आणि जमाखर्च मांडावा.

सभा कशी घ्यावी?

कार्यकर्त्याने सभेत आरंभी व्याख्यान देऊ नये. प्रथम विचारावे: गेल्या दहा वर्षांत कोणकोणत्या साली पीक गेले, आणि कशाने? उत्तरे फळ्यावर सालवार मांडावीत. स्त्रियांना मुद्दाम विचारावे. पाणी किती लांबून आणावे लागले आणि घरचे बियाणे कोणत्या साली मोडले, हे त्यांना नेमके आठवते. फळा भरला की त्यापुढे महसूल मंडळातील पावसाच्या नोंदी ठेवाव्यात. ‘महावेध’ प्रकल्पातील स्वयंचलित हवामान केंद्रांमुळे अशा नोंदी आता मंडळवार उपलब्ध आहेत. आठवण आणि आकडा जेथे जुळतात तेथे विश्वास बसतो; जेथे जुळत नाहीत तेथे चर्चा होते, आणि तीही उपयोगाचीच असते.

यानंतर शाळेच्या आवारात साधा पर्जन्यमापक बसवून मुलांकडून रोजची नोंद ठेवावी. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी १०,००० लिटर पाणी, हा हिशेब मुले घरी सांगतील. ‘मेघदूत’ या मोबाइल ॲपवरील सल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा. अंदाज चुकला तर तोही त्याच फळ्यावर नोंदवावा. चूक लपविणाऱ्या फळ्याकडे पुढे कोणी पाहत नाही.

२०२० पासून राज्यात चालू झालेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात भूमी, जल, वायू, अग्नी व आकाश या पंचमहाभूतांना धरून कामे आखली आहेत. ही मांडणी ग्रामीण मनाला परकी नाही. देवाची श्रद्धा आणि पर्जन्यमापक यांत विरोध आहे, असे भासविण्याचे कारण नाही. वरुणाची प्रार्थना करणाऱ्या शेतकऱ्यानेही बांध घालणे कधी सोडले नव्हते.

सभा संपण्यापूर्वी एकच काम, ते करणारी माणसे आणि तारीख ठरवावी. दहा ठराव करून घरी जाण्यापेक्षा एका ओढ्यातील गाळ काढणे किंवा पाच शेतकऱ्यांनी पाचट न जाळण्याचे ठरविणे अधिक मोलाचे आहे. पुढील सभेचा आरंभ त्याच कामाच्या हिशेबाने करावा. काम झाले नसल्यास का झाले नाही, तेही विचारावे. शेतकऱ्याचे मत भाषणाने बदलत नाही. शेजारच्या बांधावर निभावलेले पीक पाहून आणि त्याचा खर्च विचारून तो आपले मत स्वतः बनवितो. ते पीक त्याला दाखविणे, हे कार्यकर्त्याचे काम होय.